शंभर खाचा, नव्व्याण्णव चटके

मी एक जुना पाट आहे आणि मला राग आलेला आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की म्हातारा उगाच करवादला.

झालं असं की परवा एका शाळेची पोरं हमरापूरला नाथाचा गणपतीचा कारखाना बघायला आली. मी तिथे भिंतीला टेकून उभा होतो, पाठ पुढे करून. एका मुलीने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, काका, ह्या पाटाच्या पाठीला काय झालंय? बरोबर प्रश्न विचारला पोरीने. आणि नाथा काय म्हणाला? "लई जुना हाय तो." एवढं बोलून लागला सोंडेवरून पॉलिश पेपर फिरवायला. पोरं गेली पुढच्या शेडमधे.

लई जुना हाय. बस? माझ्या पाठीवर शंभर खाचा आहेत आणि नव्व्याण्णव चटके आहेत, आणि ह्या दोन आकड्यांमधे जो एकाचा फरक आहे, त्यावरून गेल्या वर्षी कुंडलिकेच्या घाटावर एका घराचा जीव टांगणीला लागला होता. नाथाला हे सगळं ठाऊक आहे. पण त्याला सवड नाही. म्हणून मीच सांगतो. मित्रांनो, बसा. उभ्याने ऐकायची गोष्ट नाही ही.

मी फणसाचा. जेवायचा पाट नाही, माझ्यावर माणसाचं बूड कधी टेकलेलं नाही. मी गणपतीचा पाट. वर्षातले सहा-सात दिवस माझ्यावर देव बसतो आणि बाकीचं वर्ष मी माळ्यावर पडून असतो, एक फुटकं पिंप आणि एक मोडका टेबलफॅन ह्यांच्यामधे. तेव्हा धीर धरायचं मला कोणी शिकवू नये.

रोह्याच्या एका सुताराने मला घडवला. काठावर त्याने कोरलं, शके १८४८. इंग्रजी हिशेबाने १९२६ साल. मला करून घेतलं ते दामोदर गुरुजींच्या आजोबांनी; गुरुजी कोण ते पुढे येईलच. कुंडलिका नदीपलीकडे अष्टमी गावात त्यांचं घर. त्यांचा एकुलता मुलगा तापाने फणफणला होता, वैद्याने मान हलवली होती. आजोबांनी गणपतीला हात जोडले आणि बोलून बसले, हा जगला तर ह्या घरात तुला शंभर वेळा बसवीन. दहा नाही, वीस नाही, शंभर. मुलगा जगला. आता स्वतःची चाळिशी जवळ आलेला माणूस शंभरची भाषा करतो म्हणजे काय, नवस आपण बोलायचा आणि फेडायचा नातवांनी-पणतवंडांनी. मला तेव्हाही राग आला होता. पण शब्द दिला तो दिला. आणि नीट ऐका, शब्द 'शंभर वर्षं' असा नव्हता. 'शंभर वेळा' असा होता. पुढे कामाला येईल.

आमच्याकडची पद्धत अशी. आषाढात घरोघरचे पाट मूर्तीवाल्याकडे जातात. मी पेणवरून हमरापूरला जायचो, आधी बैलगाडीतून, मग एस्टीच्या टपावरून, आता गाडीच्या डिकीतून. कारखान्यात ढिगाने पाट येतात, म्हणून नाथाच्या आज्याने रीत पाडली, पाट आला की कोरणी घ्यायची आणि पाठीवर एक खाच मारायची. ह्या घराचं कितवं वर्ष ते कळावं म्हणून. पहिल्या वर्षी पहिली खाच, दुसऱ्या वर्षी दुसरी. दहा झाल्या की नवी ओळ.

ही झाली त्यांची मोजणी. घरातली मोजणी वेगळी. गुरुजींच्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बाई खमकी. पहिल्या वर्षी विसर्जन करून मला घरी आणला, नदीची मूठभर वाळू माझ्यावर होती. तिने वाळू काढली, मला उलटा केला, खाच बघितली आणि म्हणाली, ही त्यांनी मारली तेव्हा देव मातीत होता. आला, बसला, जेवला आणि सुखाने गेला, हे त्यांना काय ठाऊक? मग तिने देवघरातल्या समईवर एक खिळा तापवला आणि खाचेच्या शेजारी टेकवला. चर्र झालं. धूर निघाला. तेव्हापासून त्या घरात ठरलं. कारखान्याची खाच, घराचा चटका. खाच म्हणजे वर्ष लागलं. चटका म्हणजे वर्ष पार पडलं.

दुखतं का विचारू नका. दुखतं. पण त्या चटक्याची मी वाट बघायचो. तो बसला की मला वाटायचं, चला, एक झालं.

दिवस चांगले होते. चतुर्थीला माझ्या अंगाला तेल चोळायचे, खाली तांदळाचा चौक, वर लाल कापड. येणारा-जाणारा म्हणायचा, पाट काय गुळगुळीत आहे हो, असा आता मिळायचा नाही. मी ऐकून फुगायचो. गणपती गेला की तीच माणसं मला माळ्यावर सरकवताना पायाने ढकलायची. माणसांचं असंच असतं, त्याचा राग मी केव्हाच सोडला. मला दुसऱ्याच गोष्टीचा राग आहे.

दामोदर गुरुजी गणित शिकवायचे. रोह्याला शाळेत. बुटके, ताठ, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. आनंदीबाई त्यांची बायको. ती टेलिफोन एक्स्चेंजमधे कामाला होती, कानाला हेडफोन लावून सगळ्या रोह्याचं बोलणं जोडून द्यायची. म्हणून तिला दोन सवयी लागल्या होत्या. मधे बोलायचं नाही, आणि ऐकलेलं विसरायचं नाही. प्रणित त्यांचा एकच मुलगा.

आता १९९९ सालचं ऐका. त्या वर्षी लोकांना वेड लागलं होतं. जो तो म्हणत होता, नवं सहस्रक येतंय. मिठाईवाल्याच्या खोक्यावर सहस्रक, कापडवाल्याच्या पाटीवर सहस्रक. कंपनीतली माणसं कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून घाबरलेली. प्रणित वीस वर्षांचा, कॉलेजात. त्याने थर्माकोल कापून कापून मखर केलं होतं, त्यावर हातभर मोठी अक्षरं, 'स्वागत नव्या सहस्रकाचे, २०००'. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती आणायला बापलेक हमरापूरला आले तेव्हा मखराचा वरचा तुकडा त्याने टेम्पोत बरोबर घेतलेला. मूर्तीमागे बसतो का बघायला.

गुरुजींनी तो वाचला. आणि भर कारखान्यात भडकले.

नाथाचा बाप काळुराम तेव्हा हयात होता. तो मूर्तीचे डोळे आखत होता, त्याचा हात थांबला. गुरुजी म्हणत होते की हे खोटं आहे आणि देवामागे खोटं लागणार नाही. इसवी सनात शून्य नावाचं वर्षच नाही, मोजणी एकपासून सुरू झाली. तेव्हा शंभर वर्षं भरली ती सन शंभर संपल्यावर, हजार भरली ती सन हजार संपल्यावर, आणि दोन हजार भरतील ती २००० संपल्यावर. नवं सहस्रक २००१ च्या एक जानेवारीला. अजून सव्वा वर्ष आहे.

प्रणितने तोंड वाकडं केलं. म्हणाला, बाबा, सगळं जग वेडं आणि तुम्ही एकटे शहाणे?

काळुराम हसत म्हणाला, "गुरुजी, पन आकडा तर आत्ताच बदलतोय ना. चारीच्या चारी आकडे. डोळ्याला दिसतंय ते धराचं का नाय?"

गुरुजींनी मला उचलला आणि उलटा केला. चौऱ्याहत्तर खाचा होत्या तेव्हा. त्यांनी शेवटच्या खाचेवर बोट ठेवलं. "ही तू मारलीस तेव्हा चौऱ्याहत्तरावा गणपती झाला होता का?"

"झाला कुठं. त्यो काय बसलाय, एकच डोला आखलाय त्याचा."

"मग खाचा चौऱ्याहत्तर आणि चटके त्र्याहत्तर. आकडा लागला म्हणजे भरला नाही. तू डोळे आखलेस म्हणजे विसर्जन झालं का काळुराम?"

काळुरामने ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, "ह्ये मातर खरं." पण प्रणितला पटलं नाही. त्याने मखराचा तो तुकडा दोन्ही हातांनी मोडला, टेम्पोच्या मागे टाकला आणि रोह्यापर्यंत बापाशी बोलला नाही.

त्या ३१ डिसेंबरला अष्टमीत फटाके वाजले, गुरुजी नऊला झोपले. दुसऱ्या दिवशीपासून त्यांना नाव पडलं, एक वर्ष लेट. बाजारात गेले की पोरं म्हणायची, गुरुजी, आज कुठलं साल? बरोबरीचे मास्तर चहा पिताना म्हणायचे, ह्यांचा चहा पुढच्या वर्षी सांगा. सबंध २००० साल त्या माणसाने हे ऐकून घेतलं. आणि १ जानेवारी २००१ ला सकाळी दोघं नवराबायको पेढ्यांचा पुडा घेऊन घरोघर गेली. शेजारच्या दारांतलं बोलणं मला माळ्यावर ऐकू येत होतं. लोक विचारत होते, कसले पेढे? गुरुजी सांगत होते, सहस्रक लागलं. लोक पेढा तोंडात टाकून हसत होते. पेढा खाताना तरी हसू नये माणसाने. मित्रांनो, मला तेव्हापासून जो राग आहे तो हा. ज्याची मोजणी बरोबर होती त्याला हसले, आणि चुकलेल्यांनी फटाके उडवले. आणि त्यातल्या एकालाही पुढे कधी वाटलं नाही की जाऊन म्हणावं, गुरुजी, तुमचं बरोबर होतं.

आनंदीबाई तेवढी हसली नाही. घरी येऊन म्हणाली, "सात पेढे उरलेत. पुढच्या सहस्रकाला ठेवू का?" तेव्हा मात्र गुरुजी स्वतःच हसले. खूप वेळ.

मग २०१६ साल. आषाढात मी हमरापूरला आलो, काळुराम गेलेला, नाथाने खाच मारली. एक्क्याण्णवावी. मूर्ती झाली, रंग झाला, डोळे झाले. आणि चतुर्थीच्या पाच दिवस आधी अष्टमीहून फोन आला. गुरुजी गेले.

सुतकात गणपती बसत नाही. त्या घरातली बाकीची माणसं, आजोबा, आजी, वडील, सगळी आपापल्या वेळेला गेली, पण गणपती सांभाळून गेली. हाच एक असा निघाला. आयुष्यभर ज्याने तारीख चुकवली नाही त्याने नेमकी इथे घाई केली. माझा त्यांच्यावरही राग आहे. पाच दिवस आधी जाण्याऐवजी पंधरा दिवस नंतर गेले असते तर काय बिघडलं असतं? पण कोणाला सांगणार.

नाथाने मूर्ती दुसऱ्या घराला दिली नाही. ज्या घरासाठी डोळे आखले त्यांचीच ती, म्हणून त्याने ती इथेच खाडीत सोडली. आणि रिकामा पाट परत पाठवू नये म्हणून माझ्यावर एक नारळ ठेवून मला अष्टमीला पोचवलं. आनंदीबाईने नारळ काढून घेतला. मला उलटा केला. त्या नव्या खाचेवरून अंगठा फिरवला. खिळा तापवला नाही. तशीच ठेवली खाच. कोरी.

पुढच्या वर्षी नाथाने सवयीने त्याच्यापुढे नवी खाच मारली. पाट आला की मारायची, एवढंच त्याला माहीत. आणि गाडं पुढे चालू लागलं.

आता येतो गेल्या वर्षावर. २०२५. प्रणित शेचाळीस वर्षांचा झाला, पनवेलला फ्लॅट, कंपनीत शिफ्टची नोकरी. अष्टमीच्या घरात आनंदीबाई एकटी. सत्त्याहत्तर वर्षांची, गुडघे गेलेले. प्रणित वाईट माणूस नाही, उगाच पाप माथी मारणार नाही त्याच्या. दर गणपतीला रजेसाठी साहेबापुढे हात पसरायचा, महामार्गाच्या खड्ड्यातून गाडी हाणत यायचं, सगळं एकट्याने करायचं. थकला होता. आषाढात मला हमरापूरला घेऊन आला, नाथाने खाच मारली, प्रणितने मोजल्या. शंभर. तिथेच फोनवर माझ्या पाठीचा फोटो काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. नवस पुरा झाला.

अजून मूर्तीला रंग लागला नव्हता. आणि हा म्हणतो पुरा झाला.

मग त्याने सगळं ठरवूनच टाकलं. ह्या वर्षी थाटात करायचं आणि विसर्जनाला गणपतीबरोबर पाटही नदीत सोडायचा. पुढच्या वर्षीपासून अष्टमीत गणपती नाही. गणपती नाही म्हणजे घर उघडं ठेवायचं कारण नाही. घराला गिऱ्हाईक होतं. आई पनवेलला. एकातून एक, एकातून एक, सगळं त्या शंभराव्या खाचेला टांगलेलं.

आनंदीबाईला त्याने फोनवर सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, मोजलंस का? तो म्हणाला, हो आई, शंभर, फोटो पाठवलाय बघ. ती म्हणाली, बरं. मधे बोलायची तिला सवय नव्हती हे मी सांगितलंच.

गणपतीत दारावर फ्लेक्स लागला, 'नवसपूर्ती, शंभर वर्षे पूर्ण'. गुरुजींचा फोटो वर डाव्या कोपऱ्यात, शर्टाचं वरचं बटण लावलेला. मी आत मखरात होतो, माझ्यावर देव होता, हलता येत नव्हतं. नाहीतर उठून तो फ्लेक्स फाडला असता. ज्या माणसाने आकडा लागला म्हणजे भरला नाही हे सांगण्यासाठी सगळ्या गावाचं हसू सोसलं, त्याचा फोटो त्याच वाक्याच्या डोक्यावर. आणि ते वाक्य गणपती उठायच्या आठवडाभर आधी लावलेलं.

पाहुणे आले, जेवले, म्हणाले, वा, शंभर वर्षं म्हणजे काय गंमत नाही. एकानेही मला उलटा करून बघितलं नाही. बघणार कसे म्हणा. वर देव.

गौरी-गणपती उठले. घाटावर गर्दी. आरती झाली, प्रणित पाण्यात उतरला, मूर्ती तीन वेळा बुडवली आणि सोडली. एरवी ह्यानंतर माझ्यावर नदीची वाळू घालतात आणि मला घरी नेतात. ह्या वेळी प्रणितने मला छातीशी धरला आणि आणखी दोन पायऱ्या खाली गेला. पाणी त्याच्या कमरेला लागलं, माझ्या काठाला लागलं. शके १८४८ ही अक्षरं भिजली. मित्रांनो, पाण्याची मला भीती नाही. शब्द पुरा झाला असता तर मी हसत गेलो असतो. पण अर्धवट सोडून जायचं, आणि वर लोकांनी म्हणायचं पुरं झालं, ह्याचा मला असा संताप आला की माझ्या पट्ट्या खिळ्यात करकरल्या.

"प्रणित, थांब."

आनंदीबाई वरच्या पायरीवर बसली होती. पदराच्या गाठीतून तिने काहीतरी काढलं. खिळा. घरातला, तोच काळा पडलेला.

ती म्हणाली, "चटका द्यायचा राहिला."

प्रणित म्हणाला, आई, आता कशाला, आता जातोयच तो. पण आजूबाजूचे बघायला लागले होते. तो वर आला, मला तिच्यापुढे ठेवला. आरतीचं ताट तिथेच होतं, कापूर जळत होता. तिने चिमट्यात खिळा धरून तापवला आणि शंभराव्या खाचेशेजारी टेकवला. चर्र झालं. ओला होतो म्हणून जरा जास्तच.

मग ती म्हणाली, "आता मोज. खाचा नको. चटके मोज."

प्रणितला उशीर होत होता, मागे लोक थांबले होते, फोन वाजत होता. तरी बसला उकिडवा. बोटाने एकेक चटका दाबत गेला. पहिली ओळ दहा. दुसरी दहा. अशा नऊ ओळी झाल्या. शेवटच्या ओळीत पहिल्याच खाचेशी त्याचं बोट थांबलं. पुढे गेलं. परत मागे आलं.

"नव्व्याण्णव."

"एक कोरी आहे."

"कुठली?"

"तुझे बाबा गेले ती."

घाटावर ताशे वाजत होते, कोणाचा तरी गणपती येत होता. प्रणित खाचेकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला की आई, ते वर्ष सुतकात गेलं, त्याला आपण काय करणार, आपला काय दोष.

"दोष कोण म्हणतंय? झालं नाही, एवढंच म्हणत्ये. झालं नाही त्याला झालं म्हणायचं नाही. तुला त्यांनी कारखान्यात ह्याच पाटावर शिकवलं होतं. तू थर्माकोल मोडलास."

सव्वीस वर्षांनी त्याच्या तोंडावर जे आलं ते मी खालून बघितलं, कारण त्याने मला मांडीवर घेतलं होतं. पोरगं वीस वर्षांचं होतं तेव्हा बापाशी टेम्पोत बोललं नाही, आणि आता बोलायचं तर बाप नाही. एका कोऱ्या खाचेवर अंगठा ठेवून बसला होता, जसं कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवावा तसा.

शेवटी म्हणाला, "म्हणजे अजून एक."

"अजून एक," आनंदीबाई म्हणाली. "माझ्या गुडघ्यांनाही सांग."

त्याने ओंजळभर वाळू काढून माझ्यावर घातली, मला डोक्यावर घेतला आणि घरी निघाला. वाटेत एक काका म्हणाले, अरे, पाट सोडणार होतास ना? प्रणित म्हणाला, "एक वर्ष लेट." काकांना काही कळलं नाही. मला कळलं. दारात पोचल्यावर त्याने आधी फ्लेक्स उतरवला. वाया गेला नाही तो. नाथाच्या कारखान्याचा पत्रा गळत होता, त्यावर आता घातलाय. 'शंभर वर्षे पूर्ण' ह्या अक्षरांवर हमरापूरचा पाऊस पडतोय, आणि खाली मी कोरडा उभा आहे.

गिऱ्हाइकाला त्याने सांगितलं, पुढच्या वर्षी बघू.

यंदा आषाढात आनंदीबाई स्वतः मला घेऊन इथे आली. गाडीतून उतरायला तिला पाच मिनिटं लागली, प्रणितने हात धरला होता. नाथाने मला घेतला, उलटा केला, सवयीने कानामागची कोरणी काढली. तिने माझ्या पाठीवर तळहात ठेवला.

"नको रे नाथा. एक आहे शिल्लक."

नाथा वाकला. बोट फिरवत फिरवत त्या खाचेशी आला. कोरणी परत कानामागे खोचली. "ही गुरुजींची हाय, काकू," म्हणाला. आणि मूर्तीची माती मळायला गेला तो बराच वेळ आला नाही.

तर मी इथे उभा आहे. यंदा अधिक महिना पडला, गणपती उशिरा. म्हणजे मला आणखी वाट बघायची. गणपती येईल, माझ्यावर बसेल, जाईल, आणि मग आनंदीबाई खिळा तापवेल. शंभरावा चटका शंभराव्या खाचेला बसणार नाही, एक्क्याण्णवावीला बसेल. तो बसला की पुढचं त्यांचं त्यांनी ठरवावं. घर ठेवायचं का विकायचं, आईने कुठे राहायचं, मी पाट आहे, मला त्यातलं कळत नाही. मला नदीत सोडलंत तर मी कुरकुर करणार नाही. शब्द पुरा झाला की पाटाने जायचंच असतं.

पण मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं काही जुनं असेल, पाट, पेटी, घंटा, काहीही, तर ते टाकायच्या आधी एकदा उलटं करून बघा. पाठीवर काय आहे ते वाचा. त्याच्यावर कोणाचं तरी काहीतरी अर्धं राहिलेलं असतं. फटाके उडवायची, पाट्या लावायची तुम्हाला फार घाई असते. वर्ष लागलं की संपलं म्हणता, काम हातात घेतलं की झालं म्हणता, आणि जो म्हणतो थांबा, अजून झालं नाही, त्याला हसता. हसू नका. त्याच्या घरचा पेढा खाऊन तर मुळीच हसू नका.

आणि मला कोणी 'लई जुना हाय' म्हणून सोडून दिलं तर मी ऐकून घेणार नाही. मी जुना नाही, मी शिल्लक आहे. आधी खिळा तापवा, मग काय ते म्हणा.